आईचा राजीनामा

माझ्या आईनं जन्मात एकच नोकरी केली आणि तिचा राजीनामा मी लिहिला. तिनं फक्त खाली सही केली. सही म्हणजे तिचं नाव, सुरुवातीची दोन अक्षरं मोठी आणि पुढे जागा संपत आल्यामुळे बारकी होत गेलेली. तो कागद लिहिताना मला जराही वाईट वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. उलट मी खुशीत होते. माझं अक्षर चांगलं आहे आणि अर्ज लिहायला मला आवडायचं.

आम्ही निपाणीचे. आमच्या गल्लीतली जवळजवळ प्रत्येक बाई बिड्या वळते. सकाळी कारखान्याच्या शाखेत जायचं, कार्ड दाखवून पानं, तंबाखू आणि दोरा घ्यायचा, घरी येऊन सूप मांडीवर घेऊन बसायचं आणि दुसऱ्या दिवशी वळलेल्या बिड्या शाखेत नेऊन द्यायच्या. तिथला कारकून वयानं आईपेक्षा लहान, पण सगळ्या बायका त्याला अण्णा म्हणतात. अण्णा बिड्यांची प्रत्येक जुडी, म्हणजे कट्टा, हातात घेऊन चिमटीनं दाबतो आणि ज्या बिड्या मऊ किंवा वाकड्या वाटतील त्या बाजूला काढतो. त्या छाट. छाटीची मजुरी मिळत नाही आणि बिड्याही परत मिळत नाहीत. त्या पुढे कुठं जातात हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

कार्ड आईच्या नावावर होतं, पण चौथीपासून मीही वळत होते. शाळेतून आलं की दप्तर खुंटीला आणि सूप मांडीवर. गल्लीतल्या सगळ्याच पोरी असं करायच्या. एका कार्डावर किती हात चालतात हे शाखेत सगळ्यांना ठाऊक असतं, पण कार्डावर फोटो एकाच बाईचा. ‘हात कुणाचा का असंना, बिडी घट्ट पायजे,’ असं अण्णा म्हणायचा, आणि ते खरंही होतं. माझ्या बिड्या कधी छाट झाल्या नाहीत. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मला त्याचा जास्त गर्व होता.

वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. मी दहावीत असताना ते गेले. मी त्यांना खूप उशिरा झालेली, एकुलती एक. त्यामुळे मी निपाणीतच बीसीए पूर्ण केलं तेव्हा आई पंचावन्नची झाली होती आणि तिला जिना चढताना दम लागायला लागला होता. आमच्या घराला जिना नाही, म्हणून ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला एमसीए करायचं होतं, कोल्हापूरला, विद्यापीठात. कॉम्प्युटरचं पुढचं शिक्षण घेतलं की पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी लागते, एवढं साधं गणित होतं. पण आम्ही पलीकडच्या राज्यातले, त्यामुळे फीत सवलत नव्हती. बेळगावच्या कचेऱ्यांत आम्ही मराठी आणि कोल्हापूरच्या खिडकीवर आम्ही कर्नाटकचे. यावर आमच्याकडे मोर्चे निघतात, भाषणं होतात. मला भाषण नको होतं, फी पाहिजे होती.

म्हणून मी दोन वर्षं थांबले आणि स्टँडजवळच्या एका ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कामाला लागले. रेशनकार्ड, आधार, पिकाचा विमा, परीक्षेचे अर्ज, जे येईल ते भरायचे. लोक मला फॉर्मवाली म्हणायचे. पगार थोडा होता, पण त्यातला एक रुपया आईनं घेतला नाही. ‘घर माज्या सुपावर चालतंय. तू तुजं साठीव,’ ती म्हणायची. मी पोस्टात महिन्याच्या महिन्याला पैसे टाकत गेले. दोन वर्षांत एका वर्षाची फी जेमतेम होईल इतके साठले, आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. वर पुस्तकं, प्रवास, लॅपटॉप. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मलाही कळत होतं, पण पाय कापून टाका असं कुणी म्हणत नाही.

इथे आमच्या गल्लीतली एक रीत सांगायला हवी.

बिडीकामगाराच्या मजुरीतून पीएफ कापला जातो आणि तो कार्डावर साठत राहतो. पोरीचं लग्न ठरलं की बाई तो काढते. सगळा काढायचा तर नोकरी सोडावी लागते. मग बाई शाखेत राजीनामा देते, दोन महिने थांबते आणि पैसे उचलते. कामाला मात्र एका दिवसाचीही सुट्टी नाही. राजीनामा दिलेल्या दुसऱ्या दिवसापासून ती जावेच्या, नणंदेच्या किंवा शेजारणीच्या कार्डावर बिड्या वळायला लागते. तेच घर, तेच सूप, तोच अण्णा. गल्लीत याला राजीनामा म्हणतही नाहीत. ‘पैसं काढणं’ म्हणतात. ‘अमकीनं पैसं काढलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न असतो, ‘जावाय कुठला?’ आमच्याकडे आईनं नोकरी सोडल्याशिवाय पोरीचं लग्न होत नाही, असा विनोद मी दुकानात सांगायचे.

दुकानात असे डझनभर अर्ज मीच भरले होते. बायका दुपारच्या यायच्या, मोबाइलवर आलेला नंबर मला वाचून दाखवायच्या. सोडण्याचं कारण काय, असं फॉर्ममध्ये विचारतात. मी सगळ्यांचं एकच लिहायचे, प्रकृतीच्या कारणास्तव.

प्रवेश परीक्षेत मला गुण चांगले पडले. त्या जूनमध्ये मीच आईला म्हटलं, ‘आपणपण पैसे काढूया की. लग्नाचे नाहीतर शिक्षणाचे.’

आई पानं कापत होती. तिनं कात्री थांबवली नाही. ‘आन् दवाखाना?’ एवढंच तिनं विचारलं.

बिडीकामगारांचा सरकारी दवाखाना आहे. कार्ड दाखवलं की तिथं औषध फुकट मिळतं. आई दर दोन महिन्यांनी छातीचं औषध तिथून आणायची.

‘अगं, कार्ड काय ते काढून घेत नाहीत. कार्ड पेटीतच राहतंय,’ मी म्हटलं.

‘तसं न्हवं. काम सोडलं म्हणून लिवून दिल्यावर चालंल का त्ये?’

‘सगळ्यांनी काढलेत. कुणाचं काय अडलं? लिहून द्यायचं तेवढं. तू काय खरंच सोडणार आहेस?’

तिनं कापलेली पानं सुपात ओढली. ‘तू शिकल्यालीस. तुला कळतंय,’ ती म्हणाली.

हे वाक्य मला अजून ऐकू येतं आणि अजून माझे कान गरम होतात. तिला शंका आली होती. आमच्या दोघींत ज्या बाईला नीट वाचता येत नव्हतं तिनं बरोबर प्रश्न विचारला होता आणि फॉर्मवालीनं तिला वेड्यात काढलं.

शेजारच्या आक्कानं तिच्या कार्डावर वळायला लगेच होकार दिला. ती स्वतः गुडघ्यांमुळे निम्मंच वळायची, तिलाही बरं झालं. सप्टेंबरात आईचे पैसे तिच्या खात्यात आले. पोस्टातले काढून मी वर्षाची फी भरली आणि आईच्या पैशांतून जुना लॅपटॉप घेतला. उरलेले प्रवासाला ठेवले. दुसऱ्या वर्षाच्या फीचा मोठा वाटा शिष्यवृत्तीतून निघणार होता. बिडीकामगारांच्या मुलांना सरकार कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देतं. बीसीएला असताना आमच्या प्राचार्यांनी माझा अर्ज वेळेत पुढे पाठवला नव्हता. या वेळी मी स्वतः भरणार होते आणि माझ्याइतका नीट फॉर्म कुणाला भरता येतो!

पहिले काही आठवडे मी खरंच सुखात होते. हॉस्टेल परवडत नव्हतं, म्हणून रोज जाऊन येऊन. निपाणीहून कोगनोळीपर्यंत कर्नाटकची बस, बायकांना फुकट. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. कोगनोळीला राज्य संपतं आणि फुकटही संपतं. तिथे उतरून वडापच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि कागल गाठायचं. कागलपासून महाराष्ट्राची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. थेट गाडीनं तासाभरात पोचता आलं असतं, पण थेट गाडीला पूर्ण तिकीट. मला दोन तास लागायचे. दोन्ही सरकारांची मेहेरबानी पुरेपूर घेणारी निपाणीत माझ्यासारखी दुसरी नसेल.

वर्गात माझ्या शेजारी इचलकरंजीची एक मुलगी बसायची, स्वभावानं फार चांगली. मी बॅग उघडली की तिला शिंका यायच्या. तिला वाटायचं वर्गातली धूळ. आमच्या घरात भिंतींना, अंथरुणाला, वह्यांना तंबाखूचा खाट, म्हणजे उग्र वास, बसलेला असतो. आम्हाला तो येत नाही, पाहुण्यांना येतो. मी बॅग धुतली, उन्हात वाळवली, आत कापराच्या वड्या टाकल्या. ती शिंकतच राहिली. शेवटी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मागून फळा नीट दिसत नाही असं तिनं मला दोनदा सांगितलं. मला दिसतो, म्हटलं.

ऑक्टोबरात शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. त्याची पडताळणी बिडीकामगारांच्या दवाखान्यातून होते. मी आईचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. कारकुनानं नंबर कॉम्प्युटरवर टाकला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘कार्ड बंद आगेद,’ तो म्हणाला. मग मराठीत, ‘बंद झालंय हे. तुमच्या आईनी काम सोडलंय की. जून महिन्यात.’

‘सोडलेलं नाही. रोज वळते.’

‘कुणाच्या कार्डावर?’

त्याचं चुकलं नव्हतं. माणूस सरळ होता, नियमानं काम चालू असलेल्या कामगाराच्याच मुलांना पैसे मिळतात आणि आई कागदावर कामगार नव्हती. तो प्रश्न त्यानं मदत करावी म्हणूनच विचारला असेल. पण आक्काचं नाव घेतलं तर आक्काचं कार्ड अडचणीत येणार होतं. माझ्या आईची बोटं बघा, नखं बघा, सकाळपासून खोकते ते ऐका, ती काम करते याचा एवढा पुरावा घरात बसलेला होता आणि तो दाखवायची सोय नव्हती. मी कार्ड पिशवीत घातलं आणि बाहेर आले.

बाहेर रस्त्यावर उभी राहून मी विचार केला, मग आजवर हे कुणाला कसं कळलं नाही? आणि लगेच उत्तर सापडलं. पैसे काढलेल्या बायकांच्या मुली नांदायला गेल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीलाही नंतर शिष्यवृत्ती मागायची वेळ आली नव्हती. लग्नासाठी दिलेला राजीनामा लग्नाला पुरतो. तो कॉलेजसाठी लिहिणारी गल्लीत मी पहिलीच.

आईला मी सांगितलं नाही. पैसे येतील म्हटलं, सरकारी काम, उशीर होतो.

बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी केली. निपाणीच्या शाखेनं कॉलेज ज्या भागात आहे तिथं विचारा म्हटलं आणि कोल्हापूरच्या शाखेनं राहता त्या भागात विचारा म्हटलं. दोघांनीही जामीनदार कोण हे मात्र विचारलं. आक्काचा मुलगा तयार झाला होता, पण तो रिक्षा चालवतो आणि रिक्षाच कर्जावर आहे. विभागातल्या मॅडमनी फी दोन हप्त्यांत भरायची परवानगी मिळवून देते म्हणून सांगितलं. दोन हप्ते म्हणजे नसलेले पैसे दोनदा भरायचे.

शनिवारी-रविवारी मी पुन्हा फॉर्मच्या दुकानात जायला लागले. घरी आल्यावर पुस्तक आणि सूप दोन्ही समोर ठेवायचे. वाचता वाचता हात चालतात, ती सवय होती. पण आक्काच्या कार्डावर मिळणाऱ्या पानांना मर्यादा होती. आम्ही तिघी जास्त वळायला बसलो तरी वळायला माल नव्हता.

हिवाळ्यात एका रविवारी मी पेटीतून माझी गुणपत्रिका काढायला गेले, तर आईच्या लुगड्यांखाली खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या सापडल्या. मेडिकलमधल्या, विकतच्या. कागदात नीट गुंडाळून ठेवलेल्या.

‘दवाखान्यातलं औषध का आणलं नाहीस?’ मी विचारलं.

तिनं बाटल्या पुन्हा कागदात गुंडाळल्या. मग म्हणाली, ‘दिवाळीच्या आदी गेलती. कार्ड चालत न्हाय म्हणाला.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू परीक्षेत हुतीस. आन् सांगून काय, तुज्या जिवाला घोर.’

म्हणजे दोन महिने आम्ही दोघी एकाच खोलीत एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत होतो. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, माझाच. मी तिला शिष्यवृत्तीचंही सांगून टाकलं. तिनं ऐकलं, सुपातली तंबाखू तळव्यानं सारखी केली आणि म्हणाली, ‘जाऊंदे. एक वरीस तर झालं न्हवं.’

ते एक वर्ष मी पूर्ण केलं. गुण चांगले मिळाले. वर्गात तिसरी आले, हे लिहिताना आता कसंतरीच वाटतं, पण आले. उन्हाळ्यात आईचा दम इतका वाढला की खासगी डॉक्टरकडे न्यावं लागलं. एक्स-रे, रक्त, वाफेचं मशीन, इनहेलर. लॅपटॉप विकला. तो घेताना जेवढा जुना होता त्याहून विकताना फारच जुना झालेला निघाला. डॉक्टर म्हणाले, हे औषध आता कायमचं, थांबवायचं नाही. मी महिन्याचा खर्च विचारला. तो माझ्या दुकानातल्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होता. फी भरायची तारीख आली तेव्हा मी कोल्हापूरला गेलेच नाही. नोकरी सोडायला कागद लागतो. विद्यापीठ सोडायला काहीच लागत नाही. आपण नुसतं जायचं थांबतो. इचलकरंजीच्या मुलीचे आठ-दहा फोन आले, मी उचलले नाहीत.

दवाखान्याचं कार्ड आईला परत पाहिजे होतं. त्यासाठी एकच वाट होती. आम्ही दोघी शाखेत गेलो.

अण्णानं आईला स्टुलावर बसवलं. ‘मावशी, तुमाला आता न्हाय मिळायचं. साठीला आलासा, नवीन कार्ड साठीच्या बाईला कोण देतंय? पोरीच्या नावानं काढा. तिच्यावर अवलंबून म्हणून तुमचं नाव घालतो. दवाखाना चालू हुईल.’

मी हो म्हटलं. हे होणार हे घरून निघतानाच मला माहीत होतं. अण्णानं फॉर्म पुढं ओढला आणि एकेक रकाना विचारत भरायला लागला. नाव, वय, पत्ता. त्याचं अक्षर वाईट होतं. मला तो फॉर्म त्याच्या हातातून घ्यावासा वाटला.

‘शिक्षण?’ त्यानं विचारलं आणि पेन थांबवलं. ‘लई शिकल्याली असंल तर सायब कार्ड देत न्हाईत. टिकत न्हाईत म्हणतात.’

मी काही बोलायच्या आत आई बोलली. वर्षभर हीच बाई भाजीवालीला, कंडक्टरला, देवळातल्या गुरवाला माझी पोरगी कोल्हापूरला एमसीए करते म्हणून सांगत होती. ते तीन इंग्रजी वर्ण ती न अडखळता म्हणायला शिकली होती. अण्णालाही तिनं दहा वेळा सांगितलं असेल.

‘धावी,’ आई म्हणाली. मग जरा थांबून, अण्णाच्या पेनाकडे बघत, ‘धावी नापास लिव.’

अण्णानं माझ्याकडे बघितलं नाही. लिहिलं.

आता आईला दवाखान्यातून औषध मिळतं. माझ्या कार्डावर, माझ्यावर अवलंबून म्हणून. मी दिवसा दुकानात असते, तेव्हा ती वळते आणि संध्याकाळी मी वळते. चौदा वर्षं मी तिच्या कार्डावर बिड्या वळल्या, आता ती माझ्या कार्डावर वळते. तिच्या हातात पूर्वीची ताकद नाही, त्यामुळे आमच्या कट्ट्यांत छाट निघते. अण्णा ती बाजूला काढतो. फोटो माझा आहे, म्हणजे छाटही माझीच.

परवा संध्याकाळी आम्ही दोघी दारात बसलो होतो. आईनं इनहेलर ओढला होता, तिला जरा बरं वाटत होतं. तिनं विचारलं, ‘तुज्या कार्डावर बी पीएफ कापतात न्हवं?’

‘कापतात.’

‘धा वर्सात बरं साठतंय बग. माजं साठलंतं.’ तिनं बिडीचं तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला आणि माझ्याकडे बघून हसली. ‘मग राजीनामा द्यायचा, पैसं काढायचं आन् तुज्या दुसऱ्या वर्साची फी भरायची.’

‘व्हय,’ मी म्हटलं आणि पानं कापायला घेतली.